शनिवारची पुसलेली बैठक

मार्वा यरवुडने बावीस वर्षं लोकांसाठी खुर्च्या मांडल्या. बार्बाडोस बेटावर स्पाइट्सटाउनला समुद्राकडच्या रस्त्यावर साखरेचं एक जुनं गोदाम होतं. त्यात चित्रकारांनी मिळून एक कलाघर काढलं होतं, आणि तिथे ती नोकरीला होती. तिच्या हुद्द्याला नाव असं नव्हतंच. किल्ल्या तिच्याकडे, चहाची किटली तिच्याकडे, पाहुण्यांची वही तिच्याकडे. नवीन चित्र टांगलं की चित्रकार तिलाच हाक मारायचे, "मिस मार्वा, वाकडं दिसतंय का?" ती दारातून एक डोळा मिटून बघायची आणि म्हणायची, "डावीकडून बोटभर वर." कोणी फूटपट्टी लावून तपासायला जात नसे.

तरुणपणी ती स्वतः कापडावर मेणाची छपाई करायची. दोन वेळा तिची कापडं ब्रिजटाउनला प्रदर्शनात लागली होती. मग आई अंथरुणाला खिळली, आई गेली तोवर थोरल्या बहिणीची, एनिडची, साखर वाढली, आणि एनिडचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मेणाचं पातेलं माळ्यावर गेलं. मार्वाने त्याबद्दल कधी तोंडातून ब्र काढला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "हात मोकळे कुठे आहेत?"

दोन हजार वीसच्या मार्चात सगळं बंद झालं तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. बाजाराला जायचे दिवस आडनावाच्या अक्षराप्रमाणे ठरले आणि इंग्रजी 'वाय'च्या यरवुड मंडळींचा नंबर अर्थातच शेवटी लागला. ती दुकानात पोचायची तोवर मांडणीवर मोहरीच्या सॉसच्या बाटल्या आणि कुत्र्याचं खाणं तेवढं उरलेलं असायचं. कलाघराला कुलूप होतं. संचालक लिओनी क्लार्क टोरांटोला बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, ती तिकडेच अडकली. एप्रिलमध्ये तिचा फोन आला.

"मिस मार्वा, कलाघरातल्या बैठका बंद नाही ठेवायच्या. ऑनलाइन घेऊ. दर शनिवारी चारला. एक कलाकार बोलेल, बाकीचे ऐकतील. सगळ्या बेटांवरचे येतील."

"घे की. मला कशाला विचारतेस?"

"घेणार तुम्ही आहात."

"मी? लिओनी, मला मायक्रोवेव्हचं घड्याळ लावता येत नाही."

"लोक तुमचं ऐकतात. बाकी मी शिकवते."

ती शिकली. पहिल्या शनिवारी नऊ जण आले. त्यातल्या एकाचं छत दिसत होतं, एकाचं नुसतं नाक. दोन महिन्यांत साठ झाले. शेजारशेजारच्या बेटांवरची ही माणसं, पण एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं विमान इतकं महाग की त्यांची गाठ पडायची ती लंडनला नाहीतर मायामीला. आता जमैकाच्या किंग्स्टनचा डेन्व्हर रंगवलेल्या पत्र्यांसमोर बसून बोलायचा आणि त्याला प्रश्न गयानाच्या जॉर्जटाउनहून यायचा. ग्वादेलूपची मारी-लॉर फ्रेंचमध्ये बोलायची, तिची भाची ते इंग्रजीत सांगायची. त्यामुळे मारी-लॉरच्या विनोदावर निम्मे लोक आधी हसायचे आणि निम्मे नंतर. मार्वाला ते दोनदा हसणं आवडायचं.

पण बैठक शनिवारची असली तरी काम आठवडाभर पुरायचं. सोमवारी वक्ता शोधायचा. बुधवारी त्याला फोटो कसे पाठवायचे ते समजावायचं. शुक्रवारी एकेकाला फोन करून आठवण द्यायची, आणि हे शुक्रवारचे फोनच तिला पिळून काढायचे. "उद्या नाही जमणार, मिस मार्वा, बोलावंसंच वाटत नाही." "मिस मार्वा, आई दवाखान्यात आहे, आत सोडत नाहीत." "मिस मार्वा, रंग संपलेत, आता काय दाखवू?" ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची. फोन ठेवल्यावर थोडा वेळ भिंतीकडे बघत बसायची, मग पुढचा नंबर लावायची. वर्ष झालं तेव्हा तिचे डोळे चुरचुरायला लागले होते आणि मानेत एक कळ कायमची मुक्कामाला आली होती.

"शनिवारी माणसं रताळ्याचं पुडिंग आणि डुकराचं साउस खातात," एनिड चाकाच्या खुर्चीतून म्हणायची, "आणि तू त्या काचेत तोंड खुपसून बसतेस. माझा पाय गेलाय, तुझं डोकं गेलंय."

"खाऊन घे. माझं झाकून ठेव."

"ठेवते झाकून. मग सहाला येऊन म्हणशील, भूक मेली."

आणि खरंच ती सहाला येऊन तेच म्हणायची.

या बैठकांना सेंट व्हिन्सेंट बेटाच्या उत्तर टोकाच्या सँडी बेहून एक माणूस न चुकता यायचा. पडद्यावर काळा चौकोन आणि खाली नाव, डेल्फा नॅन्टन. फोन मुलीचा होता. ऐकणारा होता तिचा बाप, अल्बन नॅन्टन, बहात्तर वर्षांचा. तो कधी प्रश्न विचारत नसे. बैठक संपून सगळे निघून गेले तरी तो चौकोन राहायचा.

"मिस यरवुड, तुम्ही अजून आहात?"

"आहे, मिस्टर नॅन्टन. दिवे मालवतेय म्हणा."

"एकट्या मागे राहू नका म्हणून थांबलो. जातो मी."

एवढंच बोलणं. महिन्यांमागून महिने त्यात एकेक वाक्याची भर पडत गेली. तो होड्या बांधायचा. आता सगळे फायबरच्या होड्या घेतात, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. म्हणून मोडक्या होड्यांच्या फासळ्या, चांगल्या सीडरच्या लाकडाच्या, तो घरी आणतो आणि त्यावर चेहरे कोरतो. गावात जी माणसं वारली त्यांचे.

"किती झाले?" मार्वाने विचारलं.

"तीस. एकतिसावा चालू आहे."

"मग शनिवारी त्याबद्दल बोला."

"छे. बोलणारे ते कलाकार. मी सुतार आहे."

तिने सात महिने पिच्छा पुरवला. शेवटी तो म्हणाला, "ईस्टर होऊन जाऊ दे." मार्वाने लगेच वहीत लिहिलं: दहा एप्रिल, मिस्टर नॅन्टन.

आठ एप्रिलच्या दुपारी सेंट व्हिन्सेंटला उत्तरेची गावं रिकामी करायचा हुकूम सुटला. तिथला ज्वालामुखी, ला सुफ्रिएर, डिसेंबरपासून धुमसत होता, लोकांना त्याची सवय झाली होती. शुक्रवारी सकाळी डोंगर फुटला. मार्वाने डेल्फाचा नंबर अकरा वेळा लावला. लागत नव्हता.

वाऱ्याने राख शंभर मैल पूर्वेला आणली. शनिवारी बार्बाडोसला दिवस उगवलाच नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी अकराला मार्वाने दिवे लावले. खिडक्यांच्या पट्ट्यांतून राख पिठासारखी आत येत होती, चादरींवर, भांड्यांवर, एनिडच्या केसांवर. दाराखाली ओले टॉवेल दाबले तरी येत होती. बाहेरचं ब्रेडफ्रूटचं झाड करडं पडलं होतं, आणि एकही पाखरू बोलत नव्हतं. नळाला पाण्याची धार करंगळीएवढी. मार्वाने तीनदा फरशी पुसली, चौथ्यांदा फडकं हातात घेऊन तशीच खाली बसली.

"ऊठ, त्या बाकावर बस तरी," एनिड म्हणाली. "आणि तोंडाला ते बांधलंयस ते कोणासाठी? करोनासाठी की डोंगरासाठी?"

"जो आधी येईल त्याच्यासाठी."

दुपारी लिओनीचा निरोप आला: आजची बैठक रद्द करायची का? मार्वाला मनापासून हो म्हणावंसं वाटलं. छाती जड झाली होती, घशात वाळू होती, आणि ज्याचं बोलणं ठेवलं होतं तो माणूस कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. पण रद्द करायचं तर साठ जणांना कळवायला हवं, आणि तेवढे फोन करायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं. बैठक उघडणं त्यापेक्षा सोपं होतं. पुढे लोक तिच्या जिद्दीचं कौतुक करायचे तेव्हा ती खरं कारण सांगायची, आणि कोणाचा विश्वास बसायचा नाही.

चारला तिने लॅपटॉपवर चादरीचा तंबू केला, नेहमीसारखं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि बैठक उघडली. एकशे तीस माणसं आली. कोणी कलेबद्दल बोललं नाही. डेन्व्हरने विचारलं, "व्हिन्सेंटचे आपले कोण कोण, आणि कुठे आहेत?" मग एकेक नाव निघत गेलं. मार्वा वहीत लिहीत होती. तिथल्याच जॉर्जटाउन गावची मातीकाम करणारी बाई मावशीकडे किंग्सटाउनला. शातोबेलेरचे दोघे भाऊ बोटीने बेक्वियाला. मारी-लॉर म्हणाली, तिचा दीर नावाडी आहे, कोणाला आणायचं असेल तर तो निघेल. भाचीने ते सांगेपर्यंत दोघांनी पत्ता मागितलाही. प्रत्येक नावापुढे मार्वा ठिकाण लिहायची. अल्बन नॅन्टनपुढची जागा कोरी राहिली.

पाचला दहा कमी असताना काळा चौकोन उमटला. मग त्यात उजेड आला. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला: उंच, हडकुळा म्हातारा, पांढरा सदरा, गालावर राखेचे ओघळ. मागे शाळेचा व्हरांडा आणि गाद्यांची चळत.

"मिस यरवुड, माझी वेळ चारची होती," तो म्हणाला. "उशीर झाला. माफ करा."

मार्वा म्हणाली, "बसायला खुर्ची आहे का तुम्हाला?"

"आहे. लहान मुलांची आहे."

"आज बोललंच पाहिजे असं नाही, मिस्टर नॅन्टन."

"नाही, कबूल केलं होतं. फोटो मात्र नाहीत. सगळं तिकडेच राहिलं. तोंडाने सांगतो."

आणि त्याने सांगितलं. कार्यशाळेच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला पहिली मिस ऑलिव्हेट, पाव भाजायची, तिची एक भुवई कायम वर. तिच्या शेजारी रूफस, बुडाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, त्याचे कान मोठे काढावे लागले कारण ते होतेच मोठे. मग त्याची आई, तिला मुद्दाम त्याच्याजवळ लावलीय. मग शाळेचे हेडमास्तर. त्यांच्या लाकडात गाठ आली होती, ती बरोबर कपाळावर बसली, आणि गावातले म्हणाले हुबेहूब तेच. तो डोळे मिटून भिंतीवरून हात फिरवावा तसा एकेक सांगत होता. कोणाच्या तरी घरी बाळ रडत होतं, तो आवाज बंद करायलाही कोणी उठलं नाही.

तीस झाले. डेल्फा मागून म्हणाली, "पापा, पाण्याचा टँकर आलाय, मी रांगेत जाते. फोन पडू देऊ नका." तो "हं" म्हणाला. मान वळवून ती व्हरांड्याच्या टोकाला जाईपर्यंत बघत राहिला. मग त्याने फोन तोंडाजवळ घेतला.

"एकतिसावा पुरा झालेला नाही. तो माझा भाऊ, एझ्रा. तो मेलेला नाही. म्हणजे परवापर्यंत नव्हता. जिवंत माणसाचा चेहरा कोरू नये म्हणतात आमच्याकडे. पण आम्ही अकरा वर्षं बोललो नाही. बापाच्या जमिनीवरून. तोंड समोर बघता येत नव्हतं, म्हणून लाकडात बघत होतो. गुरुवारी ट्रक आला. सगळे चढले. मी ट्रकवरून पाहिलं, तो वर त्याच्या कुरणात गाय बांधत होता. त्याला ट्रकचं कळलं नसावं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. एवढं अंतर होतं." त्याने हाताने अंतर दाखवलं, पडद्यावर ते वीतभर दिसलं. "मी नाही मारली. म्हटलं, आधी तो मारू दे."

मग तो रडला. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. ती त्याच्यासोबत बसून राहिली, बाकीचेही बसून राहिले. डेल्फा बाटल्या घेऊन परत येताना दिसली तसं त्याने बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "झालं माझं. आभारी आहे." चौकोन विझला.

रविवारी सकाळी मार्वा राख पोत्यात भरत होती तेव्हा लिओनीचा फोन आला.

"मिस मार्वा, मी तिथे होते कालच्या बैठकीत. रात्रभर झोपले नाही. इथल्या टीव्हीच्या बातम्यावाल्यांशी बोलले. त्यांना ते रेकॉर्डिंग हवंय. तो भावाचा भाग. तो दाखवला तर मदतीचा पूर येईल. व्हिन्सेंटच्या लोकांसाठीच. उद्या दुपारपर्यंत हवंय."

"मिस्टर नॅन्टनना विचारलंस?"

"फोन लागत नाही ना."

"माझाही लागत नाही."

"मग? सोळा हजार लोक घराबाहेर आहेत, मिस मार्वा. आपल्या हातात काहीतरी आहे."

ते खोटं नव्हतं. मार्वाला तेच सगळ्यात जड गेलं. लिओनी लबाड असती तर तिने तोंडावर नाही म्हटलं असतं. पण लिओनी बरोबर बोलत होती, तिला खरंच माणसांची कणव होती. मार्वा म्हणाली, "उद्या सांगते."

सोमवारी सकाळी एनिडला न्याहारी देऊन तिने ते रेकॉर्डिंग लावलं. तिला तो भाग कापून तीस चेहऱ्यांचा ठेवता आला असता तर बरं झालं असतं, पण कापायचं कसं हे तिला येत नव्हतं, आणि विचारायचं तर लिओनीलाच. ती पुन्हा पुन्हा एकच जागा बघत राहिली. डेल्फा जाते. म्हातारा मान वळवतो. ती दूर गेली याची खात्री करून घेतो. मगच बोलतो. पोटच्या मुलीला जे ऐकू द्यायचं नव्हतं ते त्याने या माणसांसमोर ठेवलं होतं.

"किती वेळा बघणार आहेस ते?" एनिडने विचारलं.

"तुला कोणी सांगितलं की तुझं बोलणं जगभर दाखवणार आहोत, चांगल्या कामासाठी, तर?"

"कुठलं बोलणं?"

"पाय कापला तेव्हा दवाखान्यात बोललीस ते."

एनिडने चमचा खाली ठेवला. ते काय बोलणं होतं ते दोघींनाच माहीत होतं, आणि त्यानंतर त्या घरात त्याचा उच्चार झाला नव्हता. "मी त्याचं मुस्काट फोडलं असतं," एनिड म्हणाली, "एका पायावर उभी राहून."

मार्वाने ते पुसून टाकलं. पुसायला एक बोट लागलं. 'नक्की का?' असं यंत्राने विचारलं, तिने 'हो'वर टेकवलं, आणि लिओनीला फोन लावला.

"रेकॉर्डिंग नाहीये, लिओनी."

"म्हणजे?"

"नाहीये."

"बटण दाबायचं विसरलात?"

खरं सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि वाद घालायची ताकद तिच्यात नव्हती. शिवाय ऐकायला ते किती सोपं होतं: दमलेली, वय झालेली बाई, राखेचा दिवस. "हो," मार्वा म्हणाली.

लिओनीने सुस्कारा सोडला. "थकला आहात तुम्ही. माझंच चुकलं. एका माणसावर एवढं टाकायला नको होतं."

पुढच्या शनिवारपासून त्रिनिदादची अनीसा नावाची मुलगी बैठक चालवू लागली. हुशार होती, वेळेवर सुरू करायची, वेळेवर संपवायची. मार्वाकडे लोकांना आत घ्यायचं काम राहिलं, दाराशी उभं राहावं तसं. तिला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटतंय याचं आणखी वाईट वाटलं. मदत जमली, पण पूर काही आला नाही. आश्रयाच्या शाळांमध्ये पाण्याची ओरड आहे असं रेडिओवर ऐकलं की ती उठून रेडिओ बंद करायची.

तिला जमलं ते तिने केलं. कलाघर उघडलं, मधोमध एक निळं पिंप ठेवलं आणि सगळ्यांना फोन केले. लोक पाण्याच्या बाटल्या, साबण, तांदूळ घेऊन आले. चित्रकार मंडळींनी कुंचले आणले. एका म्हाताऱ्या सुताराने आपल्या पटाशा आणल्या, तेल लावून, कापडात गुंडाळून. म्हणाला, "हात थरथरतात माझे. त्यांच्या कामी येतील." पिंप बंदरावरून बोटीने गेलं. झाकणावर मार्वाने रंगाने लिहिलं: नॅन्टन, सँडी बे, सध्या शाळेत.

एझ्रा मेला नव्हता. सहाव्या दिवशी गस्तीच्या बोटीने त्याला किनाऱ्यावरून उचललं, नखशिखांत करडा. डेल्फाने निरोप पाठवला: 'काका सापडले. गायी चढवून घेत नाहीत म्हणून बोटवाल्यांना शिव्या देत होते. दोघांना एकाच वर्गात गाद्या मिळाल्यात. अजून बोलत नाहीत, पण पापा त्यांच्या ताटातली मिरची काढून स्वतःच्या ताटात घेतात.' मार्वाने ते दोनदा वाचलं. मग एनिडला वाचून दाखवलं. एनिड म्हणाली, "बघ. तुझ्या त्या टीव्हीवाल्यांनी दाखवलं असतं तर या एझ्राने शाळेतच भावाचं डोकं फोडलं असतं." मार्वाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळे बरगड्या दुखल्या.

बैठका हळूहळू आटल्या. माणसं घराबाहेर पडू लागली, कोणाला काम मिळालं, कोणी देश सोडला. साठाचे तीस झाले, तिसाचे बारा. जुलैच्या एका शनिवारी अनीसा, डेन्व्हर, मारी-लॉर आणि मार्वा एवढेच होते. मारी-लॉरची भाचीही नव्हती, त्यामुळे ती काय बोलली ते कोणाला नीट कळलं नाही, पण ती हात हलवत होती हे सगळ्यांना कळलं. पुढच्या आठवड्याचं आमंत्रण कोणी पाठवलं नाही. बंद झालं असं कोणी म्हटलंही नाही.

सप्टेंबरात अल्बनचा फोन आला.

"मिस यरवुड, घरी आलो. पटाशा चांगल्या आहेत. ज्यांच्या होत्या त्यांना सांगा."

"कार्यशाळा?"

"छप्पर बसलं. राखेवर पाऊस पडला की सिमेंट होतं त्याचं. एकोणीस मिळाले. बारा गेले, भुगा झाला."

"आणि तुमचे बंधू?"

"त्याचं घरच गेलं. माझ्याकडे राहतो. दिवसभर कटकट. एकतिसावा वाचला, तो त्याने हातात धरून बघितला आणि विचारतो, हे नाक कोणाचं लावलंस?" तो हसला, मग खोकला. "मिस यरवुड, एक काम होतं. त्या दिवशीचं माझं बोलणं तुम्ही साठवून ठेवता ना? मी सगळ्यांचं सांगितलं होतं, कान, भुवया, सगळं. मला आता नीट आठवत नाही. भिंतीवर होते तेव्हा आठवायची गरज नव्हती. ते बोलणं मिळालं तर बारा पुन्हा करतो म्हणतो."

मार्वा खुर्चीची पाठ धरून खाली बसली. पाच महिने तिला वाटत होतं, कोणाकडून काही ऐकावं लागलंच तर लिओनीकडून ऐकावं लागेल.

"मी पुसलं ते, मिस्टर नॅन्टन."

"पुसलं?"

"मुद्दाम. भावाचं बोललात ना तुम्ही. लोकांना ते दाखवायचं होतं. तुमचा फोन लागत नव्हता. मला वाटलं, तुम्हाला नको असेल."

मागे कोणीतरी हातोडा मारत होतं. तो म्हणाला, "नको होतं. ते नकोच होतं." मग, "पण तीस जण बरोबर गेले त्याच्या."

"हो," ती म्हणाली. "गेले." तिने वही जवळ ओढली. मग म्हणाली, "मला काही आठवतात. रूफसचे कान. हेडमास्तरांची गाठ."

"रूफस वाचला. हेडमास्तर गेले."

"मग सांगा. आठवेल तसं सांगा, मी लिहून घेते. गोंधळ झाला तर मी विचारीन."

"आत्ता?"

"शनिवारी. चारला."

तीन शनिवार लागले. एझ्राही शेजारी बसायचा आणि मधूनच दटावायचा, "मिस ऑलिव्हेटची डावी भुवई कुठली? उजवी!" त्यावरून दोघांचं जुंपायचं, मार्वा पेन धरून थांबायची, आणि ठरलं की लिहायची. काही नावांवर म्हातारा अडायचा, चेहरा येतच नसे. मग ती लिहायची, आठवत नाही. असे तीन होते.

पुढच्या ईस्टरपर्यंत त्याने पाच चेहरे केले. मग बोटं आखडली, पटाशी धरवेना. उरलेले सात, त्यातले तीन नुसती नावं, मार्वाच्या वहीत आहेत, तिच्या गिचमिड अक्षरात. वही कलाघराच्या खणात पाहुण्यांच्या वह्यांखाली आहे, आणि ती पाहायला अजून कोणी आलेलं नाही.